रिकाम्या जागेचा अर्ज

जुलै आला की आमच्या उस्मानपुऱ्याच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानापुढे मुली दिसू लागतात. हातात प्लास्टिकचं फोल्डर, त्यात गुणपत्रकं, आणि चेहऱ्यावर घरून नुकतीच बोलणी खाऊन आल्यासारखा भाव. या पहिल्या वर्षाच्या नव्हेत हे मी लांबूनच ओळखते. पहिल्या वर्षाच्या मुलीबरोबर बाप असतो, मामा असतो, प्रवेश झाल्यावर जेवायला कुठे जायचं याची चर्चा असते. या कॉलेज बदलायला निघालेल्या, थेट दुसऱ्या वर्षाला. यांच्याबरोबर सहसा कुणी नसतं. सोडून निघालेल्या म्हणून जुन्या कॉलेजातले रुसलेले, आणि नव्या कॉलेजाने अजून ‘या, बसा’ म्हटलेलं नाही. पंधरा दिवस त्या कुणाच्याच नसतात.

परवा दूध घेऊन येताना त्यांच्यातली एक फोनवर सांगत होती, “अगं, तिचं झालं. माझं वेटिंगला आहे.” आवाज अगदी नीट होता. म्हणजे तिने तो नीट धरून ठेवला होता. ‘तिचं झालं’ हे दोन शब्द तोंडातून काढायला किती ताकद लागते ते मला माहीत आहे. मी घरी आले, दूध गॅसवर ठेवलं, आणि समोर उभी असून ते उतू जाऊ दिलं.

माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे सांगायची आता लाज वाटत नाही. चाळिशीकडे निघालेल्या बाईने निदान आपले दुर्गुण तरी नावानिशी ओळखावेत. हेवा करू नये म्हणतात. पण तो करायचा कुठे असतो? तो होतो, पित्त होतं तसा. एखादीची साडी, एखादीचा कमी बोलणारा नवरा, एखादीच्या मुलाचं पाठांतर, मला काहीही पुरतं. पण या किरकोळ जळफळाटाच्या बुडाशी एक जुनं, मूळचं जळणं आहे आणि जुलै लागला की त्याला पालवी फुटते. त्याचं नाव मनीषा.

तेव्हा मी गंगापूरला, आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. वडील पंचायत समितीत कारकून. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी मिळाल्या, एक सुरेख अक्षर आणि दुसरं अर्ज कसा लिहावा याचं बाळकडू. वडिलांचं ठाम मत होतं की अर्जात खरं कारण कधी लिहू नये. कारण असं लिहावं की वाचणाऱ्याला डुलकी यावी आणि त्या डुलकीत सही होऊन जावी. ‘कौटुंबिक अडचण’, ‘येण्या-जाण्याची गैरसोय’, ‘प्रकृती अस्वास्थ्य’. खरं लिहिलं की साहेब जागा होतो आणि जागा झालेला साहेब प्रश्न विचारतो. या विद्येवर मी वर्गात भाव खाल्ला. सवलतीच्या पासाचा अर्ज असो की आजारपणाचा, मुली वही घेऊन माझ्याकडे यायच्या. ‘वरील विषयास अनुसरून’ ही ओळ मी झोपेतही लिहू शकत होते.

मनीषा नदीकाठच्या एका गावाहून काळ्या-पिवळ्या जीपने यायची. जीप भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणून पहिला तास तिचा कायम अर्धा बुडायचा. ती दारात उभी राहून “येऊ का सर?” म्हणायची आणि सगळा वर्ग तिच्याकडे वळून बघायचा. तिला त्याचं काहीच वाटायचं नाही, आणि याचाही मला राग यायचा. वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. घरात अभ्यासाला वेगळी खोली सोडाच, वेगळा कोपराही नव्हता. तरी बारावीला तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी आईला म्हणाले होते. आई म्हणाली, “तिखट हाय तर हाय, तुझ्या का डोळ्यात जातंय?” वडिलांनी तर कहरच केला. संध्याकाळी चहा घेताना ते उगाच म्हणायचे, “ती नदीकडची पोरगी लई हुशार हाय म्हणं.” मी समोर बसलेली असताना.

आणि तिची चित्रं. वनस्पतीची पेशी काढायची तर आम्ही तीनदा खोडायचो. मनीषा पेन्सिल टेकवायची आणि एका दमात गोल पुरा करून हात उचलायची. तिचं जर्नल हातात घेतलं की माझ्या पोटात खरोखर दुखायचं, डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली. मी ती जागा आजही दाखवू शकते.

गंमत अशी की ही सगळी चित्रं आम्ही न बघता काढत होतो. प्रयोगशाळेला कुलूप असायचं. आत सूक्ष्मदर्शक आहेत असं सगळे म्हणत. प्रॅक्टिकलच्या तासाला वरच्या वर्गातल्या मुलींची जर्नल समोर ठेवायची आणि उतरवून घ्यायचं, अशी रीतच होती. वरच्या मुलींनी त्यांच्या वरच्यांची उतरवलेली असत. मला यात काही गैर वाटत नव्हतं. जर्नल पूर्ण, सही झाली, मार्क मिळाले. मनीषाला मात्र ते लागून राहिलं होतं. एकदा जीपची वाट बघताना ती म्हणाली, “वैशू, मी कांद्याच्या सालीचं चित्र सात खेपा काढलंय. घरी रोज कांदा चिरते. पण ती साल आतून कशी दिसती, ते एकदाबी बघितलं नाय.”

मी म्हणाले, “बघून काय करणार आहेस?”

ती म्हणाली, “काय नाय. बघणार.”

पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि बातमी आली की शहरातल्या एका मोठ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा रिकाम्या आहेत. काही मुलं इंजिनिअरिंगकडे गेली होती, काही नापास झाली होती. आम्ही दोघी एकाच जीपने चौकशीला गेलो. तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं. त्या कॉलेजाच्या फाटकात मी पाच मिनिटं नुसती उभी राहिले. स्कूटीवरून उतरणाऱ्या मुली, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत, हातात घडी केलेला पांढरा एप्रन. कँटीनच्या पायरीवर एक मुलगी वडा खाता खाता दुसरीला शिव्या घालत होती, आणि मला तिच्या शिव्यांचाही हेवा वाटला. आपण नसताना हे सगळं गेलं वर्षभर इथे चालू होतं, हे मला सहन होईना. मला इथे यायचंच होतं. कांद्याच्या सालीसाठी नव्हे. मला त्या पायरीवर बसायचं होतं.

खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता सांगितलं, “एक जागा आहे. अर्ज, गुणपत्रक, जुन्या प्राचार्यांची ना हरकत. अर्जाची एक प्रत त्यांनाही द्यायची. टीसी प्रवेश पक्का झाल्यावर आणा.”

एक जागा. परतीच्या जीपमध्ये आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो, कारण जीपमध्ये दुसरं काही शक्यच नसतं. वाळूज मागे पडलं. मग मनीषाच म्हणाली, “तुझंच हुईल बघ. तुझी आत्या हाय हितं.” मी म्हणाले, “नाही गं, मार्क तुला जास्त आहेत.” आम्ही दोघीही शिष्टाचार पाळत नव्हतो. दोघींनाही ते अगदी खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कोरा फुलस्केप घेऊन माझ्या घरी आली. “तूच लिही बाई. माझं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय.”

माझा अर्ज वडिलांनी आदल्या दिवशीच सांगून लिहून घेतला होता. ‘माझे वडील नोकरीनिमित्त औरंगाबाद येथे स्थायिक होत असल्याने’ असं त्यात होतं. वडील पंचायत समितीच्या त्या खुर्चीतून निवृत्त होईपर्यंत हलले नाहीत. पण आत्याच्या उस्मानपुऱ्यातल्या घराचं लाइट बिल जोडलं की वाक्य पायावर उभं राहतं, असं ते म्हणाले. तसा अर्ज मनीषालाही लिहून देता आला असता. गैरसोय तर तिची खरीच होती. मी पेन उघडलं, ‘वरील विषयास अनुसरून’ लिहिलं आणि थांबले.

त्या वेळी माझ्या मनात आलं ते मी परवापरवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हिचं खरं कारण लिहावं. प्रत आमच्याच प्राचार्यांकडे जाणार. ते वाचणार, भडकणार, ना हरकत देणार नाहीत. मनीषा इथेच राहील. आणि मी काही खोटं लिहिलं असंही कुणी म्हणू शकणार नाही. हेवेखोर माणूस मूर्ख नसतो, उलट फार बारीक विचार करतो.

मी लिहिलं: ‘वर्षभरात प्रयोगशाळेचे कुलूप माझ्यासमोर तीन वेळा उघडले, तेही झाडण्यासाठी. मी कांद्याच्या सालीचे चित्र सात वेळा काढले आहे. ती साल सूक्ष्मदर्शकाखाली एकदाही पाहिलेली नाही. ती पाहायला मिळावी, एवढ्याचसाठी मला आपल्या महाविद्यालयात यायचे आहे.’ खाली ‘आपली आज्ञाधारक’. अक्षर इतकं सुंदर आलं की माझं मलाच कौतुक वाटलं. वाचून दाखवताना मी कुलपाचं वाक्य गाळलं. मनीषाने खाली सही केली आणि कागद फुलासारखा दोन्ही हातांत धरून नेला.

आमचे प्राचार्य वयस्कर होते, रिटायरमेंटला आलेले. मी त्यांच्या केबिनबाहेर उभी राहून आतलं बघत होते. माझ्या अर्जावर त्यांनी सही केली, बहुधा डुलकीतच. मनीषाचा अर्ज त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“हे कुणी सांगितलं लिहायला?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाय सर. तसंच झालंय,” मनीषा म्हणाली.

ते बराच वेळ खिडकीतून प्रयोगशाळेच्या दाराकडे बघत राहिले. मग सही केली, शिक्का स्वतः मारला आणि म्हणाले, “जा. शिक नीट.” करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तरी मी धीर सोडला नाही. खरा निकाल शहरात लागायचा होता, आणि शहरातल्या प्राचार्य बाईंना चांगलं अक्षर आणि उस्मानपुऱ्यातला पत्ता नक्की आवडेल अशी माझी खात्री होती. इतकी, की वडिलांच्या सल्ल्याने मी टीसीसुद्धा आधीच काढून ठेवला. “पुढं गर्दी व्हईल,” ते म्हणाले होते.

शहरातल्या प्राचार्य बारीक चणीच्या, करड्या केसांच्या बाई होत्या. आम्हा दोघींना त्यांनी एकदमच आत बोलावलं. आधी माझा अर्ज घेतला.

“वडील काय करतात?”

“पंचायत समितीत आहेत मॅडम.”

“गंगापूरच्या?”

“हो.”

“आणि स्थायिक इथे होतायत.” त्यांनी लाइट बिल उलटसुलट करून बघितलं. “रोज गंगापूरला जाऊन येऊन करणार?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी असे शेकडो अर्ज वाचले असणार.

मग मनीषाचा. त्या वाचत असताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तो चेहरा हळूहळू मऊ होताना मला दिसला. माझ्याच अक्षराने, माझ्याच वाक्यांनी. याहून मोठी शिक्षा मला पुढे कुणी दिली नाही.

“अर्ज तू लिहिलास?”

“नाय मॅडम, हिनं लिहिला. पण हाय माझाच.”

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग मनीषाला म्हणाल्या, “सात वेळा काढलंस ना चित्र? मग आत्ता काढ.” टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. मनीषाने उभ्याउभ्याच काढलं, एका दमात, विटांसारख्या पेशींच्या ओळी. बाई म्हणाल्या, “सगळ्या पेशी सारख्या काढल्यास. तशा नसतात. ये, बघशील.”

असं तिचं झालं.

माझा टीसी हातात होता आणि गंगापूरच्या रजिस्टरमधून माझं नाव कमी झालेलं होतं. पुन्हा प्रवेश घ्यायला मी गेले तेव्हा शिपायाने विचारलं, “आलीस का माघारी?” त्याने चांगल्या मनाने विचारलं असेल, पण मी महिनाभर त्याच्या समोरून जायचं टाळलं. पुनर्प्रवेशाच्या अर्जात मी ‘कौटुंबिक अडचण’ लिहिलं. एका रविवारी मनीषा पेढे घेऊन घरी आली. बराच वेळ बसली. पेढ्याचा कागद घड्या घालून घालून इवलासा केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि “जीप जाईल” म्हणून उठली. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हिला कुलपाच्या वाक्याचं कळलं. तिने आणलेला पेढा मी खाल्ला नाही, शेजारच्यांना दिला.

तिचं पुढचं सगळं मी नीट लक्ष ठेवून बघितलं. दुसऱ्या वर्षी पांढऱ्या एप्रनमधला फोटो, मग एम.एस्सी., मग पुण्याकडे बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. मोबाईल आल्यावर हेवेखोरांची मोठीच सोय झाली. पूर्वी जळायला माणसाच्या घरी जावं लागायचं. तिचा एक फोटो आहे, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली, डोळा लावून. तो मी बोटांनी मोठा करून करून बघते. तिच्या डोक्यावर मागे थोडे पांढरे केस दिसतात, तेवढं बरं वाटतं.

माझंही काही वाईट झालं नाही. गंगापूरलाच पदवी घेतली, बी.एड. केलं, लग्न होऊन याच शहरात आले. शाळेत विज्ञान शिकवते. राहते उस्मानपुऱ्यात, आत्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. लाइट बिल आता माझ्या नावाचं येतं. आयुष्य ठीक चाललेलं असताना कुणाचा हेवा वाटू नये, असं म्हणणाऱ्यांना हेवा म्हणजे काय ते कळलेलंच नाही. तो उपाशी माणसाला जेवढा होतो तेवढाच जेवलेल्यालाही होतो. मला वाटायचं ते एवढंच, की त्या दिवशी जागा दोन असत्या तर आज मी कुठे असते? मग दुसरं वाटायचं, दोन असत्या तरी मला कुणी दिली असती? वडिलांचं खोटं आणि माझा दुष्टपणा, दोन्ही त्या टेबलावर शेजारी शेजारी होती. पण त्या बाईंच्या नजरेत मी फक्त एक मध्यम मुलगी ठरले, की त्यांना सगळं कळलं, हे मला कधीच समजलं नाही. आणि तेच जास्त खुपत राहिलं.

गेल्या रविवारी मनीषा आली होती. पैठणला तिचं काहीतरी कामाचं होतं, वाट वाकडी करून दुपारी जेवायला आली. मी वांग्याची भाजी, भाकरी आणि ठेचा केला. नवरा मुलाला घेऊन बाहेर गेला होता. आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसलो. बोलता बोलता तिने त्या अर्जाचा विषय काढला. म्हणाली, त्याची झेरॉक्स अजून तिच्या फायलीत आहे. मला राहवलं नाही. मान खाली घालून मी सांगून टाकलं. “मनीषा, तो अर्ज मी तुला अडकवायला लिहिला होता. प्राचार्यांनी चिडावं म्हणून.”

तिने भाकरीचा घास मोडला. “म्हाईत होतं की मला. कुलपाचं वाक्य वाचून दाखवलं नव्हतंस. जीपमधी बसल्यावर म्या सगळा वाचला.”

“मग दिलास कशाला तसाच?”

“खरं होतं म्हणून. अन् मला काय तसं लिहिता येतंय? वाचून रडायला आलं मला.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “तुझं झालं सांगून, आता माझं ऐक. जागा दोन होत्या, वैशू.”

मी ठेच्याची वाटी खाली ठेवली.

“मी प्रवेशाची पावती घ्यायला गेले तवा मॅडम म्हणल्या, ज्या पोरीनं तुझा अर्ज लिहिला तिला सांग, स्वतःचाबी असाच खरा लिहून आण. आणखी एक जागा निघालीय, शनिवारपर्यंत ठेवते. मी त्या रविवारी पेढे घेऊन आले तवा शनिवार हून गेला होता. मधे चार दिवस टीसीसाठी मी गंगापुरात येत होते. तुझ्या दारावरून दोनदा गेले.”

बाहेर भाजीवाला ओरडत होता. मी विचारलं, “का नाही सांगितलंस?”

“तू आली असतीस तर तिथंबी तुझंच अक्षर, तुझंच बोलणं, तुझी आत्या, तुझे कपडे. सगळे तुझ्या भवती. मी परत तुझ्या मागं मागं. लई जळायचे मी तुझ्यावर. तुला कधी कळलंच नाय.”

इथे मला राग यायला हवा होता. ती कँटीनची पायरी, ती निळी फीत, ते सगळं तिने चार दिवस मुठीत धरून ठेवलं आणि सुटू दिलं. राग आलाही, पण तो नंतर, भांडी घासताना, आणि तो अजून गेलेला नाही. त्या घडीला मात्र भलतंच झालं. ‘लई जळायचे मी तुझ्यावर’ हे शब्द कानावर पडले आणि मला असा आनंद झाला की तो तोंडावर दिसू नये म्हणून मी वाकून टोपलीतली भाकरी काढत बसले. भाकरी तिच्या ताटात वाढली. वर तूप घातलं.

“किती?” मी विचारलं.

“किती काय?”

“किती जळायचीस? काय काय वाटायचं? पहिल्यापासून सांग,” मी म्हणाले, आणि माझं ताट बाजूला सारून नीट मांडी घालून ऐकायला बसले.